ठाण्याची खालची पायरी

माझ्या पहिल्या पोलीस ठाण्याच्या खालच्या पायरीवर, पुढं बदली होईपर्यंत, मी पाय ठेवला नाही. लांब ढांग टाकून चढायचो. शिपाई म्हणायचे, "साहेबाला लय घाई." खरं कारण कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. मागच्या वर्षी निवृत्त झालो. आता सांगतो. ती घटना रोज आठवते असं नाही, पण कुठल्याही सरकारी कचेरीची पायरी दिसली की आठवतेच.

परभणी जिल्ह्यातलं ते तालुक्याचं गाव. मी नवा फौजदार होतो. गावात पेशकार नाना म्हणून एक वयस्कर गृहस्थ होते. निजामाच्या अमदानीत तहसिलीत पेशकार, म्हणजे साहेबापुढे कागद मांडणारे कारकून. हैदराबाद संस्थान गेलं, नगरपालिकेच्या निवडणुका झाल्या, नाना मेंबर झाले आणि पुढं नगराध्यक्ष. गावात नळ त्यांनीच आणला. पण पहिली तोटी बसवली ती गावाबाहेरच्या वस्तीत, जिथल्या लोकांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. ते गावाला झोंबलं. नानांचेच मेंबर देवदर्शनाला म्हणून जीपमधून गेले, ते थेट अविश्वास ठरावाच्या सभेतच उगवले. नाना पुन्हा निवडून आले नाहीत. त्यांच्या राजकारणाची गावात एकच खूण उरली होती. तोटीमागचा काळा दगड. त्यावर त्यांचं नाव, मराठीत आणि उर्दूत.

रस्ता रुंद करायचा ठरला तेव्हा तोटी पाडावी लागणार होती. दगड नव्या चौकात पुन्हा बसवू, असा शब्द त्या वेळच्या नगराध्यक्षांनी नानांना दिला. आणि पाडापाडीच्या आधीच दगड गायब झाला. नगराध्यक्षानंच फेकून दिला, असा गावात बोभाटा झाला. निवडणूक तोंडावर होती. ते स्वतः ठाण्यात फिर्याद द्यायला आले. "फौजदारसाहेब, मला चोर नको, दगड पाहिजे. नाहीतर वस्तीतून एक मत पडणार नाही."

खबर दिली देवगाव फाट्याच्या एका जीपवाल्यानं. "दगड गावातच हाय, साहेब. वस्तीतल्या मावशीनं नेला. बाजारच्या दिवशी, भर दुपारी, हातगाड्यावर. वरून कडबा टाकला व्हता. मीच जीप बाजूला घेतली की तिच्यासाठी."

मावशीला आणलं. पन्नाशीला टेकलेली बाई. आरोपी समोर आला की आधी आवाज चढवायचा, ही आमची सवय.

"दगड कुठाय?"

"घरी हाय. रांजणाखाली."

मी तयार ठेवलेले प्रश्न वाया गेले.

"चोरला कशाला?"

"चोरीन कशाला? समदं पाडायलेत न्हवं? दगड फुटला असता. नानानं तोटी सोडली तवा पैली घागर माझ्या सासूनं भरली. चौक झाला की आणून देणार व्हते."

"मग आधी सांगायचं."

"कुणाला? तुमाला? तुमी इचारलं कवा? धरूनच आणलं की."

हवालदार खाली मान घालून हसला. खोटं बोलणारा उत्तराआधी दाराकडं बघतो, हे मी तोवर शिकलो होतो. बाई माझ्याकडंच बघत होती.

नाना आले. म्हणाले, "ही चोरी नव्हे, अमानत आहे, विश्वासानं सांभाळलेली ठेव. चौक होईपर्यंत दगड सुपुर्तनाम्यावर, परत हजर करायच्या लेखी हमीवर, तिच्याकडंच राहू द्या."

तशी तरतूद होती. कोर्टात मी हरकत घेतली नसती तर काम झालं असतं. पण पेपरात बातमी आली होती, वरिष्ठांची शाबासकी मिळाली होती. मला गुन्हा आणि मुद्देमाल दोन्ही हवे होते. पंचनामा केला, दगडाला चिठ्ठी बांधली. मुद्देमालाची खोली भरलेली, म्हणून तो आवारात, जप्तीच्या मोटारसायकलींमागं टेकवून ठेवला.

पुढं तडजोड झाली. मावशी सुटली. दगड नगरपालिकेला परत द्या, असा कोर्टाचा आदेश आला. मी तेव्हा परभणीला बंदोबस्तावर होतो. परत येऊन आवारात बघतो तर दगड नाही.

हवालदारानं व्हरांड्याकडं बोट केलं. मी नसताना दुरुस्ती झाली होती. बोरीहून आलेल्या गवंड्याला आवारात घडीव दगड दिसला. चिठ्ठी कधीच गळून गेली होती. त्यानं तो खालच्या पायरीला बसवला, आणि अक्षरावर कुणाचा पाय पडू नये म्हणून लिहिलेली बाजू खाली केली. गवंड्यानं अक्षरांचा मान राखला, आणि त्यामुळंच ती कुणाला दिसली नाहीत.

पायरी उकरली असती तर दगड निघाला असता. पण कोर्टाचा मुद्देमाल ठाण्याच्या सिमेंटात गेला, हे लिहून द्यावं लागलं असतं. बढतीची यादी निघायची होती. मी कोर्टाला कळवलं, हलवताना दगड फुटला, तुकडे निरुपयोगी. हवालदाराला गप्प बसवलं.

नाना विचारायला आले. कचेरीत शिरताना चपला खाली काढायची त्यांची जुनी सवय. अनवाणी पायांनी ते त्याच पायरीवर थांबले.

"फुटला, नाना," मी वरून म्हणालो.

"अक्षरं तरी जुळतात का?"

"नाही."

त्यांनी खाली, पायाखालच्या पायरीकडं बघितलं. मग म्हणाले, "बरं. फक्त मावशीला कळू देऊ नका. नाहीतर तिला वाटेल, तिच्यामुळं फुटला."

पण गावात अशी गोष्ट लपत नाही. नाना गेले तेव्हा अंत्यविधीच्या बंदोबस्ताला मी होतो. मावशी जवळ येऊन म्हणाली, "नानाचा दगड मीच फोडला बगा, साहेब. हातगाड्यावर आदळला तवाच चीर गेली असंल. हात लावाया नको व्हता." मी टोपी नीट केली आणि गर्दी मागं सारायला लागलो.

नोकरीत मी पुष्कळांकडून कबुलीजबाब घेतले. खरं सांगून टाकल्यावर आरोपीला लगेच झोप लागते, हे लॉकअपच्या गजाआडून कितीदा पाहिलं. त्या केसनं मला एवढंच शिकवलं, की खरं पोटात ठेवलं तर झोप लागत नाही, हे आरोपीला लागू होतं तसंच फौजदारालाही होतं.

मावशी अजून आहे. आता ऐकायला कमी येतं म्हणतात. तिच्या घरी जाऊन, तिला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचंय, की दगड तुम्ही फोडला नाही, तो अख्खा आहे. आणि ठाण्यात लेखी जबाब देऊन ती पायरी उकरायला लावायची आहे. यातलं एकही काम मी अजून केलेलं नाही.