जोडटेप आणि जाड सुई

गिऱ्हाइकांविषयी मास्तरांना वाटणारी तुच्छता त्यांच्या टेपातच शिवलेली होती. जिन्याखालच्या त्यांच्या शिंपीकामाच्या दुकानात दोन टेप असत. कापड बेतायचा टेप खरा. अंगाला लावायच्या टेपाला मात्र मास्तरांनी पुढच्या टोकाशी दोन इंचांचा कोरा तुकडा जोडला होता. त्यामुळे कोणाचाही घेर असे त्याहून दोन इंच कमी भरे. बेतताना मास्तर ते दोन इंच मनातल्या मनात वाढवून घेत. कपडा चपखल बसे आणि गिऱ्हाईक छाती काढून घरी जाई.

"यांना कापड नको असतं, शाबासकी हवी असते," मास्तर बायकोला सांगत. "खरं माप सांगणाऱ्या शिंप्याकडं फक्त माश्या येतात."

बायको काजं-बटणं करी आणि ऐकून घेई.

मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पिकले होते. आणखी चालढकल केली तर नजर जाईल, असे डॉक्टरांनी स्पष्ट बजावले होते. मास्तरांनी मात्र स्वतःची वेगळी तपासणी ठरवली होती. दुकान उघडले की ते सुया टोचायच्या छोट्या गादीतली सुई उचलत, दोऱ्याचे टोक ओठांनी ओलावत आणि पहिल्याच झटक्यात ओवून दाखवत.

"आंधळ्याला जमेल का हे?"

बायको मान वर करत नसे.

एकदा बँकेचे मॅनेजर नवा कोट शिवायला आले. गिऱ्हाईक जुने आणि बोलघेवडे. मास्तरांनी खुंटीवरचा टेप ओढला. त्याला जोडाची शिवण नाही हे डोळ्यांना दिसले नाही आणि गप्पांच्या भरात बोटांनीही ती शोधली नाही. हाती आला होता खरा टेप.

"पोट बेचाळीस."

मॅनेजरांचा चेहरा पडला. "मागच्या खेपेला चाळीस होतं, मास्तर."

"साहेब, टेपाला ओळखपाळख नसते," मास्तर म्हणाले आणि मनात हसले. खरे तर हा ढेरपोट्या चव्वेचाळीसवर गेलाय, असा त्यांचा हिशेब. त्याच हिशेबाने त्यांनी कोट बेतला.

मॅनेजर कोट घालून बघायला आले, तेव्हा तो त्यांच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबला. बायकोचा हात काजावरच थांबला. मॅनेजर मात्र आरशापुढे एका अंगाने वळून स्वतःला न्याहाळत होते.

"बघितलंत? त्या दिवसापासून रात्रीचं जेवण बंद केलंय मी. घरात कोणाला पटतच नव्हतं."

मास्तरांनी कोटाची सैल बाजू चिमटीत धरली. मग म्हणाले, "दारातून आलात तेव्हाच ओळखलं होतं, साहेब. बाजूनं थोडा आवळून देतो."

ते गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, माप खऱ्या टेपानं घेतलंत. वर आणखी दोन इंच वाढवलेत."

"त्यांनी जेवण सोडलंय."

"एवढ्यात दोन इंच पोट उतरतं का कोणाचं?"

"काहींचं उतरतं."

"डोळ्यांचं बघा आता. चला डॉक्टरांकडं."

"सुई ओवतो ना मी रोज?"

गिऱ्हाइकांच्या ज्या मूर्खपणावर आयुष्यभर पोट भरले, त्याच्याच आडोशाला मास्तर जाऊन बसले होते. आणि मॅनेजरांना निदान भूक तरी सोसावी लागली होती. यांनी तेवढेही केले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गादीत काजाची बारीक सुई होती. दोऱ्याचे टोक तिला चाटून वाकले. मास्तरांनी ते पुन्हा ओलावले. पुन्हा हुकले.

"हल्ली दोराच भिकार येतो," ते म्हणाले. तिसऱ्यांदा हुकल्यावर चिडून त्यांनी हात पुढे केला. "रोजची सुई कुठाय?"

"कुठली?"

"ती गं. जाड."

बोलून गेल्यावर त्यांना उमगले, की आपणच कबुली दिली. डॉक्टरांकडून आल्यावर आठवडाभरात, त्यांचे रोजचे चरफडणे बघवेना म्हणून, बायकोने गुपचूप रजया शिवायची मोठ्या नेढ्याची सुई गादीत टोचून ठेवली होती. ती चिमटीत धरल्याबरोबर, पहिल्याच सकाळी, मास्तरांच्या बोटांना तिची जाडी कळली होती. सगळा जन्म सुईत गेलेल्या बोटांना ती न कळती तरच नवल. फसवले त्यांना कोणीच नव्हते. फक्त त्या जाडीविषयी मास्तर बोटांशी बोलले नव्हते.

"म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला," बायको म्हणाली.

मास्तर दोऱ्याचे टोक चघळत राहिले.

"एकदाच दे ती," ते शेवटी म्हणाले. "मग जाऊ."

बायकोने दोरा तोडला, जाड सुई होती तो डबा बंद केला आणि दुकानाच्या किल्ल्या उचलल्या.