चिमणाबाईंच्या सोबतीचा रकाना

मंगळवार पेठेतल्या एका लहानशा कंपनीत सलमा मुल्लाणी अकरा वर्षं दुभाष्याचं काम करते. माणसांसाठी नव्हे, प्रोग्रामसाठी. प्रोग्राम लिहिणारे आपल्यासारखं विचारतात, या पेशंटबरोबर येणाऱ्याचं नाव दे. डेटाबेसला पेशंटही कळत नाही नि त्याचा सोबतीही. त्याच्याकडे नुसते तक्ते. मग तोच प्रश्न 'पेशंटचा तक्ता सोबत्यांच्या तक्त्याला जोड' असा फिरवून द्यावा लागतो. तो फिरवणारा कोड सलमानं लिहिलेला, आणि त्याचा तिला तोरा होता.

एका धर्मादाय दवाखान्याच्या मोतीबिंदूच्या याद्या याच कोडमधून निघत. कसल्याशा किरकोळ दुरुस्तीसाठी ती तिथं गेली, तर बाकावरच्या एका म्हातारीनं तिला गाठलं. चिमणाबाई, कसबा बावड्यात भाजी विकणाऱ्या.

"तिसऱ्यांदा आलोय बघ. नाव लिवून घेत्यात आन् यादीत न्हाय म्हणत्यात. डावा डोळा गेलाय, उजव्याचंबी आता खरं न्हाय."

सलमानं चिठ्ठीवरचा नंबर शोधला. नोंद होती, सोबत्याचा रकाना तेवढा रिकामा होता. दुसऱ्या तक्त्यात सोबती सापडला नाही, की तिचा कोड पहिल्यातल्या पेशंटलाही गाळत होता. ज्याला कुणी नाही, तो यादीतूनही बाद. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच, आणि तो आणला होता हुशार सलमाबाईंनी.

तिनं तिथंच बसून जोडणी बदलली. सोबती नसला तरी पेशंट राहू दे, रकाना रिकामा ठेव. यादी पुन्हा काढली. चिमणाबाई यादीत आल्या आणि त्यांच्याबरोबर आणखी सोळा नावं आली, सगळ्यांचे रकाने रिकामे. सलमाला रडू आवरेना.

"चूक माझी हाय, मावशी. तुमच्यासारखी आणि सोळा माणसं राहिली माझ्यामुळं."

चिमणाबाईंनी तिचा हात चाचपून धरला. "झालं गेलं. पण डोळ्याला पट्टी बांधल्यावर मला घरला कोण न्हेणार?"

"मी नेतो की."

"व्हय. आन् त्या सोळा जणांस्नी?"

सलमानं डोळे पुसले, यादी पुढ्यात ओढली आणि पहिल्या नावाला फोन लावला.