रहीमचाचांचा राहिलेला धडा

रहीमचाचा सकाळी संत्र्याच्या झाडाखाली बसत आणि म्हणत, "बाहो." मग झाडामागे जाऊन, "देत्रास." वरूडचे लोक म्हणत, म्हातारा बागेवर मंत्र टाकून राहिला. मंत्र कसला, ते 'खाली' आणि 'मागे' होतं, स्पॅनिश भाषेतलं. त्या पापात मीही भागीदार होतो.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मी वरूडच्या शाळेत मास्तर होतो. चाचांच्या बागेत डिंक्या रोग शिरला होता. बुंध्यातून डिंक गळे आणि झाड उभ्याउभ्या वाळे. कुठल्याशा शेतकी मासिकात स्पेनमधल्या एका संत्रा-बागवानाचा पत्ता मिळाला. मी म्हटलं, इंग्रजीत पत्र लिहून देतो.

"नाही मास्तर. बागवानाले बागवानाशी बोलाचं हाय. मधात सायेब कायले?"

अकोल्याच्या जुन्या बाजारातून मी इंग्रजी-स्पॅनिश व्याकरण आणलं. मी वाचून सांगे, चाचा उर्दूत टिपून घेत; रोमन अक्षरंही त्यांनी गिरवून घेतली. आपण 'झाडाखाली' म्हणतो, ते आधी 'खाली' म्हणतात आणि मग झाड. चाचांना ते पटलं. "बराबर हाय. पयले जागा धरतेत, मग झाड लावतेत." प्रत्येक नामापुढे लिंग पाहून 'एल' नाहीतर 'ला' लावताना मी वैतागलो, तर म्हणाले, "आपल्यात तीन लिंगं, त्याइच्यात दोनच. वझं हलकं झालं." वर्तमानकाळ झाला, त्यांच्यातले दोन्ही भूतकाळ झाले. भविष्यकाळाचं पान मात्र त्यांनी उघडू दिलं नाही.

"झाडं मरून राहिली, मास्तर. पुढचं शिकून काय करू?"

चाचांच्या हातचं स्पॅनिश पत्र गेलं. चार महिन्यांनी उत्तर आलं. मला हात लावू न देता चाचांनी आठ दिवस एकट्याने ते उलगडलं आणि मला बागेत बोलावलं.

"तो म्हणते, बुंध्याले पानी लागू देऊ नका. मी त जलमभर बुंध्यापर्यंत आळं भरलं. लाडानं. मीच मारली, मास्तर."

मला त्यांच्याकडे पाहवेना. दुसऱ्या दिवशी मात्र ते फावडं घेऊन उभे होते. प्रत्येक बुंध्यापासून हातभर दूर मातीचं कडं घातलं, पाणी कड्याबाहेरून फिरवलं. शेजारी हसले. काही झाडं गेलीच.

पुढच्या वर्षी आंबिया बहाराला उरलेल्या झाडांवर पांढरी फुलं आली. त्या दिवशी चाचा भर वर्गात शिरले, आणि माझ्या टेबलावर व्याकरणाचं पुस्तक ठेवलं.

"मास्तर, तो राहिलेला धडा काढा."