बदली न आलेला पहारेकरी

मी पुण्यात व्हर्च्युअल रिॲलिटीचे अनुभव बनवते. म्हणजे नक्की काय करते, हे आमच्या कुंडलमध्ये मला आजवर कुणाला धड सांगता आलेलं नाही. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तर 'पोरगी चष्म्याच्या कंपनीत हाय' असं गावभर करून टाकलंय.

आई गेल्याला वर्ष होत आलं, तरी आप्पा एक रात्रसुद्धा घर सोडून राहायला तयार नव्हते. फौजेत असताना निम्मा देश पालथा घातलेला माणूस; पण माझ्याकडे पुण्याला चला म्हटलं की, "घर टाकून कसं येऊ?" राग माझ्याही नाकावरच असतो. भांडून झालं, अबोला धरून झाला. या खेपेला म्हटलं, निदान माझं काम दाखवू, त्यानं तरी ओढ लागेल.

त्यांना सोप्यात खुर्चीवर बसवलं आणि डोळ्यांवर हेडसेट चढवला. त्यांना दिसत होतं ते मला लॅपटॉपवर दिसत होतं. माझ्या त्या अनुभवात जगातली माणसं संपलीत, रोबो तेवढे उरलेत. त्यातला एक रोज एका रिकाम्या घराचं अंगण झाडतो, दिवा लावतो आणि दाराशी उभा राहतो. बस, इतकंच. बघणाऱ्यानं गप बसून विचार करावा, अशी माझी कल्पना. पुण्यातली माणसं "किती शांत वाटलं!" म्हणत उठायची.

आप्पा मात्र ताडकन उठून सावधानमध्ये उभे राहिले. "जा गड्या, बदली आली तुजी. मी हाय हितं."

रोबो कुठला हलतोय! मला हसू आवरेना. हेडसेट काढला, तर आप्पा माझ्यावरच तापले. "त्येला ड्यूटीवरनं कुणी सोडलं का न्हाई?"

"आवं आप्पा, माणूसच उरला न्हाई. सोडणार कोण?"

"मग त्यो जाईल कसा? हुकूम न्हाई त्येला." ते परत खुर्चीत टेकले. मग म्हणाले, "दवाखान्याच्या गाडीत तुज्यासंगं बसताना तुजी आई मला म्हणाली, घराकडं बघा, मी येईस्तवर."

हा तापट, हेकेखोर म्हातारा मला त्या वेळी इतका आवडला की काय सांगू.

"आप्पा, बास झालं आता. आईनं लावलेली ड्यूटी संपली तुमची."

"तू कोण सोडणार? तुजा हुद्दा काय?"

"लेक हाय तिची."

आप्पा हसायला लागले आणि हसता हसताच टॉवेलनं डोळे पुसू लागले. मग उठून कुलूप शोधायला गेले. आई कायम घरात असायची, त्यामुळे आमच्या दाराला कुलूप असं कधी लागलंच नव्हतं. फडताळ, कोनाडे, सगळं धुंडाळून झालं. शेवटी त्यांनी आपल्या फौजेतल्या ट्रंकेचं कुलूप काढलं, दाराला घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.