मांजरसुंब्याला मैनेच्या पायाचा एक्स-रे

चौसाळ्याहून बब्रुवानचा, माझ्या वर्गमित्राचा, फोन आला. "मैना लंगडायली. मांजरसुंब्याजवळ जनावरांच्या डॉक्टरांचं शिबिर हाय. तू ये." मैना ही त्याची वरातीत नाचणारी घोडी, आणि लग्नसराई तोंडावर आलेली. दुसऱ्याच पहाटे मी पुणे सोडले.

नगरहून आष्टीमार्गे यावे. रस्ता बहुतांशी चांगला आहे. मात्र काही ठिकाणी काम चालू असल्याने वेळ हाताशी ठेवावा. आष्टीत भजी गरम मिळाली आणि चहासकट पन्नास रुपयांत भागले. पुढे बालाघाटाच्या माथ्यावर धुके होते. त्यातून पवनचक्क्यांची पाती इतकी संथ वर येत होती, की गाडी पुढे जाते आहे की डोंगर मागे सरत आहेत, हे ठरवता येईना.

शिबिर पत्र्याच्या शेडमध्ये होते. घोड्यांच्या सांध्यांवर संशोधन करणाऱ्या एका डॉक्टरबाईंनी हातात धरता येईल असे एक्स-रे यंत्र आणले होते. बब्रुवानने मैनेला टेम्पोतून आणले, तेही पायांत घुंगरू बांधून. परगावी घोडी उघड्या पायांनी न्यायची नाही, हा त्याच्या घरचा रिवाज. यंत्र "टीं टीं" वाजले आणि मैनेने लंगडत का होईना, ताल धरला. चित्र पुसट आले. दुसरेही तसेच.

"काका, ही वरात नाही," बाई हसल्या.

"मग तुमचं मशीन कावून वाजतंय, बाई? तिला वाटलं, नवरदेव आला!"

सगळे हसले. मग तो खाली बसला आणि त्याने एकेका पायातले घुंगरू सोडले. घुंगरू सुटले की काम संपले, हे मैनेला ठाऊक. ती धुक्यातल्या झाडासारखी निश्चल उभी राहिली.

पडद्यावर तिचा पाय चांदण्यात ठेवल्यासारखा दिसला. सांध्यात हाडाचा तांदळाएवढा तुकडा सुटा पडला होता.

"दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून काढता येईल. घोडी नीट चालेल," बाई म्हणाल्या, "पण पुन्हा नाचवायची नाही."

"आन् न्हाई काढला तर?"

"मग चालणंही अवघड होत जाईल."

बब्रुवान तिच्या मानेवरून हात फिरवत राहिला. नंतर घुंगरांचा जुडगा त्याने माझ्या हाती दिला. "तू ने हे. घरात ऱ्हायले, तर एखांद्या लग्नात माझंच मन पाघळंल."

परतीच्या वाटेवर सीताफळे घेतली. मागच्या सीटवर प्रत्येक खड्ड्याला घुंगरू वाजत, आणि कोणी तरी सोबत चालत असल्यासारखे वाटे.

शस्त्रक्रिया झाली. मैना आता लंगडत नाही. घुंगरू मी मऊ कापडात गुंडाळून कपाटात ठेवले आहेत. परवा बब्रुवानचा फोन आला.

"घुंगरू हायेत नव्हं?"

"आहेत. फोनवर वाजवून ऐकवू का?"

"नको, नको. ती हितंच जवळ उभी हाय."