आईच्या अंगातला सदरा

कापसाच्या त्या वाईट वर्षांत आमच्या भागात पावसापेक्षा पत्रकार जास्त यायचे. आर्णीच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका चाचांनी दुकानात दोन कॉम्प्युटर मांडले होते. कॉलेज सुटलं की मी तिथे बसून एक मराठी साइट वाचायची. कुणी खेड्यात वाचनालय काढलं, बारावीनंतर कोणता कोर्स करावा, कोणत्या नटीचं लग्न मोडलं, सगळं एकाच पानावर. नटीचं आधी वाचायची, खोटं कशाला बोलू.

एके दिवशी त्याच पानावर माझी आई दिसली. कापूस वेचताना, लुगड्यावर बाबांचा जुना, लांब बाह्यांचा सदरा घातलेली. वाळल्या बोंडांनी हात ओरबाडू नयेत म्हणून आमच्याकडे वेचणीला सगळ्याच बाया नवऱ्याचा सदरा घालतात. खाली लिहिलं होतं, ‘गेलेल्या पतीचा सदरा घालून ती राबते. त्याचं नाव विचारलं की डोळे खाली जातात, शब्द फुटत नाही.’

अहो, नवऱ्याचं नाव आमच्याकडची कोणती बाई घेते? आईने मान खाली घातली ती लाजून. त्या शहाण्याने तिला विधवा करून टाकलं!

घरी सांगितलं तर बाबा हसले. “मी मेलो, तं मंग हा च्या कोन पिऊन राह्यला?”

आई हसली नाही. “जित्या मानसाले मेला म्हन्तेत. थे पयले पुसून टाकाले सांग त्याइले.”

तिने सदरा घालणं सोडलं. सबंध वेचणीभर तिचे हात रक्ताळलेले असायचे आणि मी दर बाजारी साइटवाल्यांना मेल पाठवायची. उत्तर नाही. जगाचं भलं करणाऱ्यांना आमच्यासाठी सवड नव्हती.

पौषात बाबा शेतातून आले, छातीत कळ येते म्हणाले, आणि यवतमाळच्या दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. अपशकुन वगैरे मी मानत नाही. तरी त्या साइटवर माझा राग आहे, अजूनही.

तेरवी झाल्यावर दुकानात गेले तर उत्तर येऊन पडलं होतं. चुकीबद्दल क्षमस्व, मजकूर बदलला आहे. पान उघडलं. फोटो तोच, खाली नवी ओळ, ‘पतीच्या बरोबरीने शेतात राबणारी.’ चाचांनी पाण्याचा गिलास पुढे केला. “रो ले, बेटी,” म्हणाले. मी तिथेच रडले.

घरी येऊन आईला वाचलेलं सांगितलं. म्हटलं, “आता पुन्हा कळवा लागते त्याइले, बाबा गेले म्हनून.”

आई चुलीपुढे बसली होती. तिने एक लाकूड आत सारलं.

“नोको कळवू,” म्हणाली. “तिथं तरी जिते हायेत थे.”