खिडकीमागची सिगडी
कूलरच्या नव्या, खसाच्या ताट्यांवर पहिलं पाणी पडलं, की त्या ओल्या वासाबरोबर मला एक दुपार आठवते. माझी केमो सुरू होती आणि अन्नाचा वास सहन होत नव्हता, म्हणून घरात फोडणी बंद झाली होती. सगळे निमूटपणे बिनफोडणीचं वरण जेवायचे. बाहेर नागपूरचं ऊन रणरणत होतं, खोलीत पडदे ओढलेले, आणि त्या हिरवट अंधारात मी पाण्याच्या तळाशी पडल्यासारखी, ना जागी ना झोपेत. एकाएकी कूलरच्या वाऱ्यावर लसूण आला. मागोमाग हिंग, मग लाल मिरची, सगळं गार होऊन, खसात भिजून आलेलं. मी सवयीने उलटीचं भांडं जवळ ओढलं आणि वाट पाहत राहिले. उलटी आली नाही, तोंडाला पाणी सुटलं. "आई, काय करून राहिल्या?" मी हाक मारली. सासूबाई हातातल्या पळीसकट धावत आल्या. "वास आला का वं तुले? तुले तरास नको म्हणून त सिगडी मागच्या अंगणात मांडली मी!" खिडकीतला कूलर अंगणातलीच हवा आत ओढतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. "मले वाढा न थोडं," मी म्हटलं. त्यांनी बेसनाचे गोळे घातलेल्या गोळाभातावर ते फोडणीचं तेल ओतलं, आणि माझा पहिला घास गिळून होईपर्यंत त्या पळी धरून तशाच उभ्या राहिल्या. आता आमच्या स्वयंपाकघरात रोज फोडणी तडतडते. तरी आज मी कूलर सुरू केला, तेव्हा सासूबाई सिगडी आणि लसूण उचलून कूलरच्या खिडकीमागे निघाल्या.